पाय धुतल्या पाण्याची वाडी

मोहाटोल्यात कोणी कुठं पाय धुवावेत यावर बंधन नव्हतं. कोणी कोणाच्या घरचं पाणी प्यावं यावर होतं. हे कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्या गावाला पाठ होतं.

तालुक्याच्या मूलहून येणारी एसटी ज्या चिंचेखाली थांबायची, तिथलं पहिलं घर गिरजाबाईचं. घरामागे तिचीच बौद्धांची वस्ती, पुढे रस्ता, आणि रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा. एसटीतून उतरून दहा पावलं चाललेल्या माणसाचे पाय पाहिले की हा प्रवास करून आला की वखर हाकून, असा प्रश्न पडायचा. म्हणून गिरजाबाईनं फाटकाशी एक रांजण ठेवला होता, शेजारी एक सपाट दगड, आणि रांजणाच्या झाकणीवर घासून लख्ख केलेला पितळी पेला. रांजण आणि दगड सारं गाव वापरी. पेला कोणी वापरत नसे. वस्तीनं धर्म बदलला त्याला तीस वर्षं होत आली होती. ही बातमी गावाच्या पायांपर्यंत पोचली होती, घशापर्यंत अजून यायची होती.

दगडावरून ओघळलेलं पाणी कुडाखालून गिरजाबाईच्या वाडीत, म्हणजे परसबागेत, शिरे. पंचाऐंशीच्या उन्हाळ्यात असं ऊन पडलं की कावळे सावलीसाठी एकमेकांच्या खालून उडू लागले. तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे चिखलात रुतून बसले. गावातल्या वाड्या करपल्या. एकट्या गिरजाबाईच्या वाडीत वांगी लटकली होती, भेदरं, म्हणजे टमाटे, लाल झाली होती आणि दोडक्याचा वेल घराच्या कवेलूंवर चढून पलीकडे डोकावत होता.

त्याच उन्हाळ्यात वस्तीला हातपंप मंजूर झाला. पाइप येऊन चिंचेखाली पडले, बोअरची गाडी तेवढी यायची होती. गिरजाबाई पाणी आणायची ते टेकडीपलीकडच्या बोडीवरून, म्हणजे शेततळ्यावरून, डोक्यावर पाण्याचा गुंड आणि गुडघ्यात वात घेऊन. रोज संध्याकाळी ती त्या पाइपांवर बसून गुडघे चोळी आणि त्यांना समजावी, "आता थोडकेच दिवस राह्यले, बापा."

अशात वामनराव एसटीतून उतरले. जलमितव्यय परसबाग प्रोत्साहन कक्षाचे ते पर्यवेक्षक. कमी पाण्यावर पिकणारी एक तरी बाग तालुक्यात शोधावी असा त्यांना आदेश होता, आणि सापडली नाही तर त्यांनाच शोधावं लागेल इतक्या आतल्या जंगलात बदली होणार होती. त्यांनी दगडावर उभं राहून पाय धुतले, मान वर केली, आणि त्यांना वेल दिसला.

वाडीला पाणी किती देता, असं त्यांनी विचारलं.

"वाडीले? वाडीले मी पाणी देतच नाई, साहेब."

वामनरावांनी लगेच वही उघडली. गिरजाबाईनं खुलासा केला की वाडीत जातं ते लोकांच्या पायाचं, आणि रांजण मात्र ती भरते, बोडीवरून, जीव जाऊन राह्यला. वामनराव म्हणाले, रांजणातलं पाणी म्हणजे आतिथ्य. आतिथ्य हे आमच्याकडे पाण्यात धरत नाहीत. गिरजाबाईनं पेला भरून पुढं केला. आत्ताच चहा झाला, असं सांगून वामनरावांनी खांद्यावरच्या छागलीतलं पाणी घटाघटा प्यायलं आणि ते परतीच्या एसटीत बसले.

मूलला बैठक भरली. विनासिंचन वाडीचं ऐकून सगळ्यांचा ऊर भरून आला. या पद्धतीला 'पादप्रक्षालन सिंचन' असं नाव देण्यात आलं, आणि ओघानं हातपंपाचा विषय निघाला. जिथं शून्य पाण्यावर भेदरं पिकतात तिथं पंप बसवणं म्हणजे प्रयोगाच्या शुद्धतेला डाग लावणं, यावर एकमत झालं. पंप विश्रामगृहाला द्यावा, असं ठरलं. प्रयोग पाहायला येणारे साहेब तिथंच उतरणार होते आणि तिथली हिरवळ पिवळी पडली होती.

बैलगाडी आली आणि पाइप घेऊन गेली. गिरजाबाई ज्या पाइपावर बसली होती तो सगळ्यात शेवटी उचलला, एवढी माणुसकी गाडीवाल्यानं दाखवली.

पुढं लग्नसराई संपली, एसटीला गर्दी राहिली नाही, आणि वाडी माना टाकू लागली. कक्षानं निदान केलं की पायांचा पुरवठा कमी पडत आहे. तेव्हा पायांचे दौरे आखण्यात आले. आज या खात्याचे पाय, उद्या त्या खात्याचे. पण साहेब लोक जीपनं यायचे, बूट-मोजे घालून, आणि त्यातून त्यांचे पाय काढले की गव्हाच्या कणकेसारखे निघायचे. स्वच्छ पाय धुण्यावर हिशेब तपासनीसानं हरकत घेतली: मळ नसताना धुणे हा अपव्यय आहे. मग जीप अलीकडच्या नाल्याशी थांबू लागली. साहेब तिथं बूट काढून हातात घेत, फुफाट्यातून चटके खात, उड्या मारत चिंचेपर्यंत येत. गावातले म्हातारे रोज चिंचेखाली येऊन बसू लागले. इतकी करमणूक गावात नाटक मंडळी आली तेव्हाही झाली नव्हती.

पाय वाढले तसं पाणी वाढलं. बोडीवरून ते आणायचं गिरजाबाईनंच. शेजारची सुगंधाबाई तिच्या जोडीनं गुंड वाहू लागली. एकदा टेकडीवर दम खायला टेकल्यावर ती म्हणाली, "बाई, हे पाणी सरळ वाडीतच ओतलं तं? मधात या लोकायचे पाय काऊन?"

"मंग ते सिंचन होते नं," गिरजाबाई म्हणाली. तिलाही आता खात्याची भाषा येऊ लागली होती.

आलेल्या प्रत्येकापुढं तिनं पेला धरला. एकाला उपास होता. एकाचा दात ठणकत होता. एकाला डॉक्टरनं उन्हातून आल्यावर पाणी पिऊ नको सांगितलं होतं, आणि बऱ्याच जणांचा आत्ताच चहा झाला होता. पाय धुऊन झाले की हे सगळे नाल्याशी जात आणि जीपमधल्या छागलींवर तुटून पडत. गिरजाबाई रिकामा गुंड घेऊन त्यांच्या बाजूनंच बोडीला निघालेली असे.

मग नागपूरहून मोठे साहेब येणार असं कळलं. कक्षानं कुडाला गेरू लावला, दगडाला चुना लावला. मोठे साहेब फुफाट्यातून रीतसर चालत आले, पँट वर खोचून दगडावर उभे राहिले. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि गिरजाबाईनं रांजणाच्या झाकणीवर हात ठेवला.

"पाय मंग," ती म्हणाली. "पह्यले हे." आणि पेला पुढं केला.

वामनराव घाईनं मधे आले. "बाई, साहेबांचं पोट नाजूक आहे."

"तं पाणीच देऊन राह्यली मी, भाऊ. भेदरं नाई देत." ती साहेबांकडं वळली. "साहेब, उन्हाळाभर इथी किती लोकं आले. कोणालेच तहान नाई. टेकडीवरून पाणी आणता आणता माह्ये गुडघे गेले, अन् मले अजून समजून नाई राह्यलं का उन्हाळा लागला का नाई. आता माह्या इथचा हा नियम. जो पेईन तो पाय धुईन."

पेला इतका लख्ख होता की साहेबांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. ते त्यांनी जरा वेळ पाहिलं. मग वामनरावांना ते हलक्या आवाजात म्हणाले की आपल्याला पायांची कल्पना देण्यात आली होती, घशाची नव्हती. चुना लावलेल्या दगडावरून ते उतरले, मळक्या पायांवर मोजे चढवले आणि ही पद्धत आता इतर तालुक्यांत राबवावी असा शेरा देऊन गेले.

दौरे बंद झाले. गिरजाबाईनं नियम गावालाही लावला. एसटीतून उतरणारा प्रत्येक जण पेल्याकडं पाही, घोट्यापर्यंत माखलेले आपले पाय पाही, आणि तसाच घरी जाई. वाडी आठवडाभरात वाळून कोळ झाली.

"वाडी गेली नं, बाई," सुगंधाबाई हळहळली.

"जाऊ दे. कोणाले किती तहान आहे ते तं पाह्यलं."

इकडं वामनरावांची झोप उडाली. हिरव्यागार वाडीचा फोटो अहवालात छापून थेट वर गेला होता आणि वरून एक पथक ती पाहायला निघालं होतं. अहवालात वाडी हिरवी होती म्हणजे ती हिरवी असणं भाग होतं. पाय मिळणं शक्य नव्हतं, कारण पायांसोबत घसे आले असते. राहता राहिला पंप. बोअरची गाडी धावत आली, विश्रामगृहाचे पाइप उपसून आणले गेले, आणि चिंचेखाली हातपंप उभा राहिला. पाणी असं लागलं की दांडा दोनदा हलवला की गुंड भरावा.

मात्र शून्य पाण्याच्या वाडीशेजारी पंप दाखवता येईना. म्हणून त्याची नोंद 'पादप्रक्षालन यंत्र' अशी झाली आणि वर पाटी लागली: हे पाणी पिण्यासाठी नाही.

"काऊन नाई?" गिरजाबाईनं विचारलं.

"पिण्याचा पंप तुमचा रद्द झाला आहे, बाई," वामनराव म्हणाले. "हा पायांचा."

वस्ती त्या दिवसापासून नियमबाह्य पाणी पिऊ लागली. गिरजाबाईच्या गुडघ्यांची टेकडी सुटली. पंपाचं सांडलेलं पाणी कुडाखालून वाडीत शिरू लागलं. पथक आलं तेव्हा तिथं पुन्हा पालवी होती, आणि वामनरावांची बदली भद्रावतीला झाली, एसटी दारापर्यंत जाते अशा जागी.

तोवर वरच्या मोहल्ल्याच्या विहिरी आटल्या होत्या. तिथल्या बाया पाय धुवायला पंपावर येऊ लागल्या. पाय धुवायला येताना त्यांच्या डोक्यावर दोन-दोन गुंड असत. पाय धुऊन होत, गुंड भरून होत, आणि जाताना त्या पाटीकडं बोट दाखवून एकमेकींना बजावत की हे पिण्याचं नाही, सरकारनंच लिहिलं आहे. घरी जाऊन दार लोटलं की सगळं घर ते पोटभर प्यायचं. गिरजाबाईच्या हातचं पाणी ज्याला चाललं नसतं, त्याला पायाचं पाणी गोड लागत होतं.

एसटी अजून त्या चिंचेखाली थांबते. तुमचं कधी तिकडं जाणं झालं तर पाय खुशाल धुवा, आता नियम राहिला नाही. पेला पंपाच्या चौथऱ्यावर उपडा ठेवलेला असतो, घासलेला. तुम्हाला तहान नसेल तर गिरजाबाई काही म्हणणार नाही. उपास, दात, डॉक्टर, आत्ताच झालेला चहा, ही सगळी कारणं तिच्याजवळ आहेत. एखादं नवं असलं तर तेवढं घेऊन या.