फुरकाराच्या शोधाची मोहीम

श्रीवाग्देवी समर्थ. जिने कंठापासून ओठापर्यंत अक्षरांची पेठ वसविली आणि काही घरे मुद्दाम एकांती बांधिली, तिचे चरणी माथा ठेवून एका राज्याची हकीकत लिहिली असे. शके १६४१, विकारीनाम संवत्सरी, त्या राज्याचे धनी महाराज सुभानराव यांचे वय सत्तरीकडे झुकले आणि स्वारीस एकाएकी आपली हाक आठवू लागली.

हाक म्हणजे काय, ते सांगणे प्राप्त. त्या राज्यात बायकोने नवऱ्याचे नाव घेऊ नये ऐसा परिपाठ, आणि ‘अहो’ हा शब्द तिकडे अद्याप पोहोचला नव्हता. मग बायका दोन्ही ओठ मिटीत आणि आतून श्वास ऐसा सोडीत की, घोडे पाणी पिऊन ओठ फडफडवितात तैसा नाद निघे. यास फुरकार म्हणत. एकीचा लांब, एकीचा आखूड, एकीचा शेवटास वर चढणारा. आणि भर बाजारी दहा फुरकार उठले तरी ज्याचा तोच पुरुष मान वळवी. राणीसाहेब गिरजाबाई यांचा फुरकार मधेच किंचित थबके आणि मग पुन्हा चाले, जणू काही सांगावयाचे राहिले. महाराज तरुणपणी शिकारीवरून परतता तो ऐकीत आणि घोडे टाकून पायी धावत.

मग एके वर्षी बादशहाचा वकील आला आणि पंगत बसली आणि पडद्याआडून फुरकार आला आणि वकील हसता हसता ताटावर कलंडला. “महाराज, जनान्यात घोडी बांधिता की काय?” ऐसे बोलला. महाराजांचे रक्त गरम. अंगाची लाही जाहली आणि हातातला घास हातात असता हुकूम फर्माविला की, आजपासून फुरकार बंद. राणीसाहेबांनी हुकूम ऐकिला आणि पाळिला. ऐसा पाळिला की पुन्हा महाराजांस कशानेच हाक मारिली नाही. काम पडता दासीस म्हणत, “स्वारीस सांगा, पान वाढले आहे.” रयतेने शेजारच्या राज्यातून ‘अहो’ आणविला, आणि तेव्हापासून एक ‘अहो’ उठता साऱ्या पेठेच्या माना वळत आणि एकदा तर सोनाराचा जावई तांबटाचे घरी पोटभर जेवून आला.

आता म्हातारपणी महाराजांनी हुकूम मागे घेतला, दवंडी पिटविली आणि स्वतः देवडीवर कान देऊन बसले. काही नाही. विचारविले, तेव्हा राणीसाहेबांचा निरोप आला, “हुकुमाने मिटलेले ओठ हुकुमाने फडफडतात होय? विसरलो आम्ही.” आणि तरुण सुना तर तोंडास पदर लावून खिदळू लागल्या.

मग महाराज कारभारी विसोपंत यांस म्हणाले, “पंत, पृथ्वी मोठी आहे. हा नाद कोठेतरी असेलच. शिकविणारे माणूस आणवा.”

“सरकार, अक्षरासाठी मोहीम? शत्रू कोण म्हणून लिहू?”

“आमचेच नाव लिहा.”

मग सरकारी आरमाराचे लखमोजी नाईक गलबत घेऊन निघाले आणि बहुत मुलूख हिंडले आणि परत येऊन अर्ज केला की, “सरकार, अक्षर फार विरळ. थोर थोर राज्यांत, जेथे तोफा ओततात आणि काव्ये रचतात, तेथे ठावच नाही. हबशांचा मुलूख जो हबसाण, त्यापलीकडे काही रानांत आहे, पूर्वेच्या डोंगरांत एका गावी आहे आणि शेजारच्या गावी नाही, आणि दक्षिण दर्यातील बेटांवर आहे. स्वभावाने भिडस्त. बहुधा मकाराचे बोट धरून येते आणि पुढे उकार उभा असल्याखेरीज पाऊल टाकीत नाही. तान्ही पोरे मात्र सर्वत्र करितात, आणि बोलू लागली की टाकून देतात.”

“आणि माणूस?”

लखमोजींनी बेटावरील एक म्हातारी पुढे केली. ती हत्ती पाहावयास मिळेल या बोलीवर आली होती. तिने फुरकार केला, तो ऐसा खणखणीत की पागेतील घोडी खिंकाळली आणि दरबार वाहवा करू लागला. महाराजांनी डोळे मिटून ऐकिले आणि उघडले ते भरलेले. म्हातारी दुभाष्यास म्हणाली, “आमच्याकडे हे एका माशाचे नाव. तुमचा राजा माशासाठी का रडतो?”

“बाईंस हत्ती दाखवा,” इतके बोलून महाराज उठले आणि थेट राणीमहाली गेले.

राणीसाहेब वाल सोलीत बसल्या होत्या. महाराज उंबऱ्यात उभे राहिले, ओठ मिटले आणि जोर केला. जन्मात कधी केले नव्हते. नाद निघेना, थुंकी मात्र अंगरख्यावर उडाली.

राणीसाहेब म्हणाल्या, “हे काय आरंभिलेत? पणतूही बरे करितो.”

“तुम्हांस बोलावीत होतो.”

“बोलावणे आमचे काम. तुमचे काम यावयाचे.”

“मग बोलवा.”

“हुकूम का?”

“नाही हो. हुकूम करून चुकलो. मागतो आहे.”

राणीसाहेबांनी वाल बाजूस सारिले आणि भिंतीकडे तोंड केले. पहिल्याने नुसता वारा गेला. दुसऱ्यानेही गेला. मग एक बारीकसा, चिरका फुरकार निघाला आणि मधेच थबकला आणि महाराजांचा श्वासही थबकला, आणि तो पुन्हा चालला.

महाराज हातभर अंतरावर उभे होते, तरी दूरच्या माणसासारखे ओरडले, “ओ! आलो, आलो!” आणि तेथेच भुईवर बसून वाल सोलू लागले.

येणेप्रमाणे मोहीम पार पडली. मुलूख मिळाला नाही, खजिना मिळाला नाही, कोणी कैद जाहले नाही. त्या रात्री जेवणास उशीर जाहला, इतकेच. कळावे.