कार्ड बसलं, दिवा लागेना

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर सांभाळणारा दीपेश भोईर वळ गावातल्या गोदामात शिरला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन नेटवर्क कार्डं होती आणि मनात एक प्रश्न. कार्डं मुंबईहून आणलेली होती. प्रश्न घरीच तयार केलेला, आरशासमोर पुन्हा पुन्हा घासूनपुसून लख्ख केलेला: "ऋतिका, मी आईला घेऊन तुझ्या घरी येऊ का?"

प्रश्न आजच विचारायला हवा होता. ऋतिका तरे या गोदामात गेटपास काढायची आणि आज तिचा शेवटचा दिवस होता. उद्या रविवारी वज्रेश्वरीकडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. बोलणी सुरू झाली की नोकरी बंद, असं तिच्या बाबांनी सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी भाऊ मोटारसायकल घेऊन न्यायला आला की ती टेमघरला जाणार आणि परत काही या टेबलावर बसणार नाही.

दीपेशनं दिवसाची आखणी केली होती. परवा विजेच्या झटक्यानं दोन्ही सर्व्हरची नेटवर्क कार्डं जळाली होती. ती बदलायची, अर्ध्या तासात मोकळं व्हायचं, आणि मग चहा घेऊन ऋतिकाच्या टेबलाशी जायचं. तसं जायची सवय होतीच. तिच्या कॉम्प्युटरचं नेट आठवड्यातून एकदा तरी जायचं. मग हा टेबलाखाली वाकून वायर घट्ट करायचा, आणि ती डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट त्याच्यापुढे सरकवायची. वायर घट्ट करायला एक क्षण लागायचा, भाकरीला बराच वेळ.

"किती टाइम लागंल?" केसरीनाथशेठनं विचारलं. गोदाम त्याचं. इथं आधी त्याचं भाताचं खाचर होतं, त्यामुळे फोनवर तो अजूनही "मी शेतावर हाय" असंच सांगायचा.

"अर्धा तास, शेठ."

"बरा. बाहेर गाड्या लागल्यात. कॉम्प्युटरचा गेटपास असल्याबिगर कंपनी पंखा काय, पंख्याचा खोका पन हलवू देत न्हाय."

दीपेशनं कार्डं बसवली, सर्व्हर सुरू केले. पण त्यांच्यावर लिनक्स होतं. फुकट असतं आणि व्हायरस लागत नाही, म्हणून शेठनंच ते पसंत केलं होतं. लिनक्सनं नव्या कार्डांकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि तोंड फिरवलं. कार्डाशी कसं बोलायचं हे सर्व्हरला शिकवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आधी टाकायला हवा होता. सोबतच्या सीडीत तो नव्हता.

"मग कुठं हाय?" शेठ म्हणाला.

"इंटरनेटवर."

"मग घे ना इंटरनेटवरनं."

"आपलं इंटरनेट या सर्व्हरमधून येतं, शेठ. ड्रायव्हर टाकल्याशिवाय ते चालू होणार नाय."

शेठनं थोडा विचार केला. "म्हंजे चावी आत ठेवून तू दार ओढून घेतलंस."

तेवढ्यात पलीकडून ऋतिकाचा आवाज आला. "दीपेश, माझं नेट गेलंय. बघतोस का जरा?"

"आज कोणाचंच नाय चालत. सगळं इथूनच अडकलंय."

"बघ तरी येऊन."

"बघायचं काय त्यात?" दीपेश मान न वळवता म्हणाला. उत्तर अगदी बरोबर होतं. त्या दिवशी दीपेशची सगळीच उत्तरं बरोबर येत होती.

तो पेन ड्राइव्ह घेऊन धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेकडे निघाला. दारात ऋतिका पर्स घेऊन उभी. केसांत अबोली, अंगावर तो निळा ड्रेस, जो ती एरवी सणालाच घालायची.

"मी पण येते नाक्यापर्यंत. मला बांगड्या बघायच्यात."

"एवढ्या उन्हात? बाइकवर नुसती धूळ खाशील. तू पंख्याखाली बस, मी आलोच."

आपण तिची किती काळजी घेतो, या विचारानं तो अंजूरफाट्यापर्यंत एकटाच हसत गेला.

कॅफेत सगळ्या कॉम्प्युटरांवर गोळीबाराचे खेळ चालले होते. त्यातला एक अर्धं युद्ध झाल्यावर रिकामा झाला. ड्रायव्हर उतरवून दीपेश परतला, तेव्हा कळलं की तो तयार मिळत नाही, इथंच बांधायचा असतो. आणि बांधायला लागणारं सामान पुन्हा इंटरनेटवर. पुन्हा धामणकर नाका, पुन्हा गोळीबार. जेवायची वेळ होऊन गेली. ऋतिकानं डबा उघडला, दोन भाकऱ्या वेगळ्या काढून ठेवल्या, आणि त्या वाळायला लागल्या तेव्हा परत झाकून ठेवल्या.

दुपारी ड्रायव्हर बांधून झाला. पडद्यावर अक्षरांचा ओढा वाहिला, थांबला, आणि सर्व्हरनं कार्डाला ओळख दिली. दीपेशनं मागे जाऊन बघितलं. नेट जोडलं गेलं की लागणारा कार्डावरचा हिरवा दिवा लागलेला नव्हता. दुसऱ्या सर्व्हरचं तेच.

"व्हर्जन चुकलं," तो स्वतःशी म्हणाला. तो ड्रायव्हर काढून त्यानं त्याच्या आधीचा बांधायला घेतला.

तोच लोडशेडिंग झालं. गोदामातले पंखे मंदावत थांबले. खाडीकडचा वारा शटरखालून आत आला आणि ऋतिकाच्या टेबलावरचे कागद हळूच उचलून बघू लागला.

"आता तरी बस जरा," ऋतिका म्हणाली.

दीपेश बसला. तिनं थर्मासमधला चहा ओतला. अंधारात तिच्या हातातली एकच बांगडी कपाला लागून वाजली. असा निवांतपणा त्या गोदामात पुन्हा मिळणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

"मी काय बोलत होतो, ऋतिका…"

"बोल ना."

"म्हणजे, तुझ्या घरी…"

"माझ्या घरी काय?"

वीज आली. पंखे फिरले, सर्व्हर टुंग करून जागे झाले. दीपेशचं अंग सवयीनं उठलं.

"एक मिनिट हां, फक्त चालू करून येतो."

चहावर साय धरली.

मग गोष्टी घाईला आल्या. रस्त्यावर ट्रकांची रांग अंजूरफाट्याच्या दिशेनं वाढत गेली. एक ट्रकवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "साहब, पंखा है इसलिए चुप हूँ. टमाटर होता तो अब तक चटनी बन जाती." शेठ दर फेरीला "तू अर्धा तास बोल्ला हुतास" एवढंच म्हणायचा. दीपेश एक ड्रायव्हर काढायचा, दुसरा बांधायचा, मागे जाऊन दिवा बघायचा. दिवा मेलेला.

ऋतिका त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती.

"वायर-बियर बघितलीस का रे?"

"वायरचा प्रॉब्लेम नाय हा. ड्रायव्हरचा आहे. तुला नाय कळणार त्यातलं."

ती वळली. आपल्या टेबलाकडे गेली आणि ड्रॉवर आवरायला लागली. पेन, केसांच्या पिना, गणपतीचं छोटं चित्र. ड्रॉवर लवकर रिकामा झाला.

उन्हं उतरली तसा बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला.

"मी निघते, दीपेश."

"हां हां, थांब ना जरा, होतच आलंय." बोटं कीबोर्डवर, डोळे पडद्यावर.

टेबलाखाली काही पडलं असावं तशी ती वाकली, उठली, ओढणी झटकली आणि गेली.

आणि दिवा लागला. दोन्ही सर्व्हरमागे हिरवे ठिपके लुकलुकले. प्रिंटरनं गेटपास ओकायला सुरुवात केली, बाहेर ट्रक घुरघुरले, शेठनं दीपेशच्या पाठीत अशी थाप मारली की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. दीपेशला आनंद कुठं ठेवावा कळेना. त्यानं तिथल्या तिथं लिनक्सवाल्यांच्या फोरमवर इंग्रजीत लिहून टाकलं: या कार्डाला नवे ड्रायव्हर चालत नाहीत, अगदी जुना टाका, मी सिद्ध केलं आहे.

मग तो धावत ऋतिकाच्या टेबलाशी गेला. खुर्ची आत सारून ठेवलेली होती.

रविवारी सकाळी तो टेमघरला तिच्या घराच्या वळणापर्यंत गेला. दारात पाहुण्यांची जीप होती. तो गाडी वळवून परत आला आणि आईनं विचारल्यावर म्हणाला, पेट्रोल भरायला गेलो होतो.

दिवाळीनंतर ऋतिका लग्नाची पत्रिका घेऊन गोदामात आली. शेठच्या पाया पडली, सगळ्यांना पेढे दिले, आणि शेवटी सर्व्हरच्या खोलीत आली.

"ड्रायव्हर चालतोय ना तुझा?"

"एकदम मस्त."

"चालणारच. त्याला काय झालंच नव्हतं." ती दाराला टेकून उभी राहिली. "माझ्या टेबलाखाली सगळ्या वायरी येतात ती पेटी आहे ना, त्यातून मी सर्व्हरच्या दोन्ही वायरी काढल्या होत्या. तू ड्रायव्हर आणायला गेलास तेव्हा."

दीपेशच्या हातात पेढा तसाच राहिला. "का?"

"सकाळी माझी काढली, तर तू बोलला कोणाचंच नाय चालत. म्हटलं हा आज फक्त सर्व्हरकडेच बघणार. मग सर्व्हरची काढली, म्हणजे वायर बघत बघत येशील माझ्यापर्यंत. दर वेळी यायचास ना?"

"दर वेळी तूच काढायचीस?"

"मग काय, उंदीर? तू दोनदा पिंजरा लावलास माझ्या टेबलाखाली. एकदा माझी ओढणी अडकली त्यात."

दीपेशनं पेढा कीबोर्डशेजारी ठेवला. मग म्हणाला, "त्या दिवशी सांगायचंस तरी."

"विचारलं की. वायर बघितलीस का बोलली, तर तू बोलला, तुला नाय कळणार." ती हसली, पण हसू ओठांपाशीच थांबलं. "तेव्हा वाटलं, नसेल कळत मला. परत लावून गेले."

बाहेर तिच्या भावानं हॉर्न दिला.

"हळदीला ये. आईला पण घेऊन ये," ती म्हणाली, आणि गेली.

दीपेश पडद्यापुढे बसला. बऱ्याच दिवसांनी त्यानं फोरम उघडला. त्याच्या सल्ल्याखाली देशोदेशीचे आभार साचले होते. ब्राझीलमधल्या कोणी लिहिलं होतं की त्यानं सगळे ड्रायव्हर काढून सर्वांत जुना टाकला, तरी दिवा लागत नाही. पण गुरुजींवर विश्वास आहे, म्हणून पुन्हा टाकतो आहे.

दीपेशला त्याची दया आली. त्यानं लिहिलं: "माझं चुकलं. दोष ड्रायव्हरचा नव्हता. आधी वायर बघा. तिचं दुसरं टोक कुठं जातं, तिथपर्यंत उठून जा."

तो पत्रिकेवरचं हळदीचं बोट बघत बसला होता, तेवढ्यात उत्तर आलं.

"गेलो होतो. दुसऱ्या टोकाला काहीच नाही. आता काय करू?"

पलीकडून शेठनं हाक मारली. दीपेशनं "आलो" म्हटलं, पण उठला नाही. ब्राझीलच्या माणसाला काय लिहावं, ते त्याला सुचत नव्हतं.