यंत्रमहालाचे कुलूप उघडले त्याची हकिकत

श्रीशारदा, जिची तसबीर हुजुरांचे कचेरीत बंद घड्याळाखाली टांगली आहे, तिचे चरणी माथा ठेवोन, आणि वर्गातील पंखा, जो फिरत नाही, त्यास साक्षी ठेवोन हे वर्तमान लिहिले आहे. लेखकाचे नाव कोणी पुसू नये. लेखकाचे प्रगतिपुस्तकावर अद्याप सही व्हावयाची आहे.

शके एकोणीसशे तीस, सर्वधारी नाम संवत्सरी, आषाढमासी, सुभ्याहून एक टेंपो आला आणि त्यातून पाच संगणक उतरले. या राज्यात ऐसी वस्तू पूर्वी आली नव्हती. मग हुजूर मुख्याध्यापक महाराज जातीने फाटकापर्यंत सामोरे गेले, आणि नारळ फोडिला, आणि वाजंत्री नव्हती म्हणोन शिपायाने घंटा वाजविली, आणि ती मधल्या सुटीची घंटा जाणोन पाचवी-सहावीचे सैन्य डबे घेऊन मैदानी उतरले, ते आवरता आवरता दोन प्रहर जाहले. मग मसलत बसली. चित्रकलेचा वर्ग रिकामा करविला, त्यास यंत्रमहाल ऐसे नाव दिधले, खिडक्यांस पडदे लाविले, आणि चपला बाहेर काढिल्याविना कोणी आत जाऊ नये ऐसे फर्मान काढिले. किल्लेदारी विश्वंभरपंत कुलथे यांस सांगितली. पंत मूळचे गणिताचे, स्वभावे बहुत नेक आणि त्याहून भित्रे. महाराज एवढेच बोलिले की, “कुलथे, काही बिघडलं तर मी तुम्हांलाच विचारणार.” ते ऐकोन पंतांनी यंत्रांचे पाचही काचेचे पडदे, म्हणजे मॉनिटर, मेजांवर मांडोन त्यांवर घरून शिवोन आणिलेले भरतकामाचे अभ्रे चढविले, आणि बाकी सामान, अक्षरांच्या फळ्या म्हणजे कीबोर्ड व उंदीर व तारा, थर्माकोलचे खोक्यांत आले तसेच ठेविले, आणि दारास पितळी कुलूप घालोन किल्ली कमरेस बांधिली. त्या दिवसापासोन यंत्र बिघडण्याची काही सोय राहिली नाही.

प्रजेचा यंत्रावर लोभ अपार. खंडेनवमीस खोक्यांना हळदकुंकू वाहिले, तेव्हा खिडकीबाहेर दर्शनास ही गर्दी लोटली. एक पक्ष म्हणे, यंत्र निबंध आपणच लिहिते, आपण फक्त विषय सांगावा. दुसरा म्हणे, त्याजकडे फार पाहिल्याने चष्मा लागतो; परंतु चष्मा लागल्याने माणूस हुशार दिसतो, म्हणोन तोही पक्ष अनुकूलच. विरुद्ध कोणी नव्हते. कोणी हातच लाविला नव्हता, तर विरोध कशाचे बळावर करावा?

याच राज्यात नववी ब मध्ये अनुसयाबाई खरपुडे म्हणोन एक मानकरीण होती, वय चौदा, बाक तिसरा. तिजला तीन थोरल्या बहिणी. दप्तर आले ते थोरलीचे नाव घालोन आले, कंपासपेटीवर दुसरीचे नाव खिळ्याने कोरलेले, पुस्तकांवर तिघींची नावे खोडोन खोडोन जागा राहिली नव्हती. जिजवर आपले एकटीचे नाव आहे ऐसी वस्तू तिजला ठाऊक नव्हती. तिने मनात एकच धरिले होते की, एक वेळ त्या काचेवर आपले नाव आपल्या बोटांनी उमटवावे आणि डोळे भरोन पाहावे. हे ती कोणास बोलिली नाही; परंतु खिडकीच्या गजांस नाक लावोन पडद्याचे फटीतून पाहत उभी राहे, त्यावरोन आम्हां सर्वांस कळले होते.

आता शिकविणे तर प्राप्त होते. पंत पूर्वी सुभ्यास प्रशिक्षणासी गेले होते, परंतु तेथे यंत्र एक आणि गुरुजन चाळीस, आणि पंत संकोचाने मागे बसलेले, त्यांस दोन दिवस पुढील गुरुजनांची डोकीच दिसली. तरी हिंमत न सोडिता त्यांनी विचार केला की, आपल्या मोबाइलावर अक्षरे ओळीने असतात, तद्वत् येथेही असणार. मग फळ्यावर तीन ओळींत ए पासोन झेड पर्यंत क्रमाने चौकटी काढिल्या, आणि प्रजेस लग्नपत्रिकांचे पुठ्ठ्यांवर तैसेच काढोन आणण्याची आज्ञा केली. मग काय विचारता! रोज पाचव्या तासास अवघी नववी ब पुठ्ठे मांडोन बसे, आणि पंत गरजत, “डोळे मिटा! अक्षर डोळ्याला नाही, बोटाला कळलं पाहिजे!” आणि बोटे ऐसी पळत की पत्रिकांवरील गणपती झिजोन गेले. त्यांत अनुसयाबाईचा हात कोणास धरवेना. ती झोपेतही उशीवर लिहिते, ऐसे तिची बहीण सांगे.

ऐसे चालत असता मार्गशीर्षमासी खबर आली की, सौदामिनीबाई सुभ्याच्या वकील, म्हणजे तपासणी अधिकारी, म्हणोन येत आहेत, आणि विद्यार्थ्यांस संगणक आवडतो की नाही, शिकण्यास त्याचा उपयोग होतो की नाही, याचा शोध करणार आहेत. जेथे उपयोग नाही तेथील यंत्रे उचलोन ओढ्यापलीकडील राज्यास देणार. त्या राज्याशी आमचे कबड्डीपासोनचे वैर. हे ऐकोन महाराजांनी भिंती रंगविल्या, आणि पंतांस दोन दिवस जेवण गोड लागले नाही, आणि अनुसयाबाईने तोंड धुवोन नवा पुठ्ठा काढिला.

वकीलबाई आल्या, संगे एक मिस्त्री. त्यांनी पुष्पगुच्छ बाजूस ठेविला, चहा नाकारिला, आणि बोलिल्या, “खोली उघडा, मुलांना बघू द्या कशी वापरतात ते.” मग कुलूप निघाले, अभ्रे निघाले, मिस्त्रीने खोकी फोडोन तारा जोडिल्या, आणि एक काच निळी उजळली. नववी ब दारात चपला काढोन आ वासोन उभी. पंतांनी छाती काढोन म्हटले, “खरपुडे, ये. मॅडमना तुझं नाव लिहून दाखव.” अनुसयाबाई पुढे जाहली, यंत्रास नमस्कार केला, खुर्चीवर बसली, आणि शिकविल्याप्रमाणे डोळे मिटोन एका दमात नाव लिहिले. ऐसी सफाई की महाराजांनी टाळीकरिता हात उचलिले. मग तिने डोळे उघडिले. काचेवर होते: क्यू, एफ, एक्स, एल, क्यू, एन, क्यू.

महाराजांचे हात टाळीविना तसेच राहिले. पंतांनी वाकोन अक्षरांची फळी पाहिली, ती जन्मात प्रथमच पाहिली, आणि क्यू डब्ल्यू ई आर टी ऐसे वाचोन त्यांचे मुखावरील पाणी उतरले. तोच मागून बनसोड्यांचा सर्जेराव ओरडला, “सर, हे बिघडलंय! अक्षरं सांडलीत आणि कुणीतरी कशीपण भरलीत!” आणि अवघ्या वर्गाने आपापले पुठ्ठे उंच धरिले. इतके पुठ्ठे एकमुखाने एक सांगत आणि फळी एकटीच वेगळे सांगे, तर खोटी कोण, याविषयी प्रजेस किंचितही शंका नव्हती. महाराज दात आवळोन बोलिले, “कुलथे!” वकीलबाईंनी पुठ्ठा हाती घेतला, फळी पाहिली, पंतांस पाहिले, आणि त्यांस सर्व समजले. मिस्त्री तारा सोडविण्यास पुढे जाहला.

तेव्हा वकीलबाई मुलीकडे वळोन बोलिल्या, “खरं सांग गं. तुला या कॉम्प्युटरबद्दल काय वाटतं?”

अनुसयाबाईने पंतांकडे पाहिले. त्यांचा हात कमरेच्या किल्लीवर होता आणि किल्ली वाजत होती. सर असेच शिकवीत, इतके बोलली असती तर ते खरेच होते. परंतु ती बोलिली, “मॅडम, आम्हांला लई आवडतो. पण आमची ओळख नाही ना झाली. तो आत, आम्ही खिडकीत. पाच महिने कुणाला असं झाकून ठेवलं तर माणूससुद्धा बावचळेल. मला थोडा वेळ द्या, मी त्यालाच विचारून लिहिते.”

ऐसे म्हणोन तिने एक बोट पुढे केले आणि डोळे उघडे ठेवोन अक्षर शोधू लागली. ए सापडला. एन काही सापडेना. दारातून कोणी म्हणे “वर बघ,” कोणी म्हणे “खाली, एमच्या शेजारी!” आणि सांगता सांगता नववी ब आत शिरली, कित्येक चपलांसहित शिरली, आणि कोणास भान राहिले नाही. यू तो खासा महाराजांनी दाखविला आणि लहान मुलासारखे हसले. वाय कोठे मिळेना, तेव्हा पंतांनी बोट लांब करोन म्हटले, “हा... हा बघ, यूच्या बाजूला.” पुठ्ठ्यावर जे निमिषात होई त्यास येथे इतका वेळ लागला की वकीलबाईंनी तो नाकारिलेला चहा मागवोन घेतला. सरतेशेवटी काचेवर तिचे नाव उमटले, सबंध आणि एकटीचे, शेजारी कोणाचे खोडलेले नाव नाही. अनुसयाबाईने ते पाहिले, आणि ओढणीने नाक पुसले, आणि आम्हांसही गलबलोन आले, हे लिहिण्यास लाज वाटत नाही.

वकीलबाई उठिल्या. “यंत्रं इथंच राहू देत,” त्या महाराजांस बोलिल्या, “कुलूप तेवढं मी घेऊन जाते.” आणि खरेच पंतांकडोन किल्ली घेवोन, कुलूप पिशवीत घालोन, गाडीत बसोन गेल्या. मग मिस्त्रीने जाता जाता सवयीने बटण दाबिले आणि काच काळी पडली. नाव साठवोन ठेवावे लागते हे राज्यात कोणास ठाऊक! पंत धावले, “अरे, गेलं! तिचं नाव गेलं!” ऐसे म्हणोन काच चाचपू लागले. तेव्हा अनुसयाबाई चपला शोधीत बोलिली, “असू द्या हो सर. उद्या परत लिहू. आता दार उघडंच आहे.”

तात्पर्य मजकूर इतकाच की, दुसरे दिवशी प्रार्थनेपूर्वी यंत्रमहाली जाऊन पाहता तेथे कुलथेपंत आधीच बसले होते, आणि शेजारी उभे राहोन अनुसयाबाई त्यांस विश्वंभरातील व्ही दाखवीत होती. पुढे हात लागल्यावर प्रजेत यंत्राविषयी तक्रारीही जाहल्या, कोणी त्यास मंद म्हटले, कोणी हट्टी, आणि निबंध काही ते आपणहून लिहीना. परंतु बिघडले मात्र नाही. हे लिहिले, तेही त्याच फळीवर, एका बोटाने.