सासूबाई पडल्या

"तू खुशाल जा ऑफिसला! तुझ्या आईला फुलासारखं जपतो!" असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तिथंच चुकलं.

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. जखम भरली, पण धास्ती जाईना. वॉकर हातात असला तरी बायकोनं दंड धरल्याशिवाय त्या पाऊल उचलत नव्हत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "चालल्या नाहीत तर अंथरुणाला खिळतील. आणि पुन्हा पडल्या तर बघायलाच नको!" म्हणजे चालवायचं, पण पडू द्यायचं नाही. बायकोनं जाताना हेच पुन्हा सांगितलं, डोळे वटारून.

जेवणं झाल्यावर लक्षात आलं, त्यांच्या गोळ्या संपल्यात. त्या पलंगावर पेपर वाचत बसल्या होत्या. "मी आल्याशिवाय उठायचं नाही हं!" असा दम देऊन मी औषधाच्या दुकानात गेलो. तिथं ही गर्दी! काळजी वाटली म्हणून फोन लावला.

"आई, काय चाललंय?"

"मी? पडलेय..." कण्हल्यासारखा आवाज, आणि फोन बंद!

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पुन्हा लावला, उचलेनात! गोळ्यांचा नाद सोडून धूम ठोकली. पळता पळता अँब्युलन्स बोलावली, जवळच ऑफिस असलेल्या बायकोला "आई पडल्या!" एवढंच सांगितलं. तिची किंकाळी अजून कानात आहे.

दाराशी पोचलो, खिसे चाचपले. किल्ली आत! दार मीच ओढून घेतलेलं!

"आई! हलू नका! अँब्युलन्स येतेय!" मी दार धडाधडा बडवलं.

"अगंबाई! अँब्युलन्स? काय झालं तुम्हाला?"

"मला नाही हो! हलू नका!"

"काही कळत नाही! थांबा, आलेच!"

आणि आत वॉकर वाजायला लागला. ठक. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा ठक. धरायला कुणी नाही! मधेच काहीतरी घसरल्यासारखं वाजलं. दाराला कान लावून मी अगदी रडकुंडीला आलो.

आतून लॅच उघडलं. दारात सासूबाई, चक्क उभ्या! केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ.

"कुठं लागलं?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

"अहो, तुम्ही पडला होतात ना?" मी म्हटलं.

"पडले होते की! जेवण अंगावर आलं, जरा डोळा लागला. तेवढंही करायचं नाही का?"

मी उंबरठ्यावर बसकण मारली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बाथरूमपर्यंत एकट्या जायचं नाव न काढणाऱ्या या बाई माझ्या काळजीनं अख्खं घर ओलांडून आल्या होत्या!

तेवढ्यात लिफ्टमधून बायको आणि स्ट्रेचरवाले एकदमच बाहेर आले. बायको आईकडे बघतच राहिली. "आई! तू एकटी चालत आलीस?"

"मग काय करू? हे दाराशी केवढ्यानं ओरडत होते!"

"पेशंट कोण?" स्ट्रेचरवाल्यानं विचारलं.

सासूबाईंनी वॉकरवरचा एक हात उचलून माझ्याकडे बोट केलं. "हे. जरा सांभाळून उचला हो, फार घाबरलेत."

आणि बायको स्ट्रेचरला वाट द्यायला बाजूला सरकली!