चष्मेवाला बैल

माझी पाठ दुखू लागली, एवढंच खरं तर झालं होतं. त्याच दिवशी खोबरेल चोळून गप्प पडलो असतो, तर आज लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत मान वर करून फिरता आलं असतं. पण मी ते हमीदला सांगितलं. हमीद आमचा शेजारी, स्टेशनात सांधेवाला. (सांधे रुळांचे. माणसांच्या सांध्यांशी त्याचा काही संबंध नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.)

"भांगरवाडीत एक मास्तर आल्यात पुण्याचे," तो म्हणाला. "दर रविवारी सकाळी वर्ग घेत्यात. माती देत्यात."

"लावायला?"

"ते न्हाई ठावं. पर लोक हसत भाईर येत्यात."

सन छत्तीसचा भाद्रपद होता तो. तेव्हा लोणावळ्याच्या हवेत कोणी ना कोणी कसला ना कसला उपचार करतच असायचं, म्हणून फारशी चौकशी न करता मी रविवारी गेलो.

चंद्रात्रे मास्तर पूर्वी शाळेत ड्रिल आणि ड्रॉइंग असे दोन विषय शिकवायचे. पेन्शनीत त्यांनी दोन्ही एकत्र करून 'देहभान वर्ग' काढला होता. आधी सतरंजीवर उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि पायाच्या अंगठ्यापासून शेंडीपर्यंत एकेका अवयवाची विचारपूस करायची. मग डोळ्यांवर पंचा बांधून चिकणमातीत स्वतःची मूर्ती करायची. माणसाला स्वतःचं जे दिसत नाही ते हाताला बरोबर सापडतं, असं मास्तरांचं म्हणणं होतं.

"पोटऱ्यांकडे लक्ष द्या," मास्तर म्हणाले. "काय म्हणतात त्या?"

माझ्या पोटऱ्या काहीच म्हणत नव्हत्या. (गुड्स ऑफिसात पंधरा वर्षं काढल्यावर माझा एकही अवयव हुकमाशिवाय बोलत नाही.) पाठीपर्यंत पोचेतो मला झोप लागली. मी घोरलोही म्हणे. मास्तरांनी वर्गाला सांगितलं, "यांचं शरीर बोलतंय, ऐका," आणि सगळ्यांनी दहा मिनिटं ते ऐकलं.

मग माती आली. माझी मूर्ती मनात ठरलेली होती: छाती पुढे, मान ताठ, एक हात कमरेवर, लग्नातल्या फोटोत आहे तशी. पण डोळे बांधलेले आणि माती ओली. मूर्ती उभी करावी तर ती पुढे कलंडायची. शेवटी मी तिचे दोन्ही हात जमिनीला टेकवून दिले. नाकावर चष्म्याच्या दोन चकत्या बसवल्या, मागे काष्टा लोंबता ठेवला (माझा तो नेहमी सुटतो) आणि पंचा काढला.

मी वाकलो होतो. पाठीची कमान, खाली गेलेली मान, खालूनच वर पाहणारे डोळे, सगळं हुबेहूब. या माणसाला मी रोज साडेदहाला ऑफिसात डिसोझा साहेबांच्या टेबलाच्या काचेत पाहतो.

"हौशीराव," मास्तर हळूच म्हणाले, "कोणापुढे वाकता?"

"कोणापुढे नाही. पाठ दुखते म्हणून."

"पाठ खोटं बोलत नाही. तुम्ही काहीतरी लपवलंय. ही मूर्ती घरी न्या आणि रोज समोर घेऊन बसा. आपोआप बाहेर येईल."

ते बाहेर येऊ नये म्हणून तर मी तीन वर्षं धडपडत होतो. आता सांगूनच टाकतो. माझी बायको रतन टाकवे बुद्रुकची. तिच्या वडिलांच्या, महिपतीआबांच्या गोठ्यात ढवळ्या नावाचा बैल होता. रतन लहान असताना तो वासरू होता आणि तिनं त्याला हातानं चारून वाढवलं होतं. भाद्रपदाच्या अमावास्येला आमच्या मावळात बैलपोळा. त्या दिवशी ढवळ्याच्या शिंगांना बेगड रतननंच लावायचं, असं तिच्या माहेरी ठरलेलं. पोळ्याच्या घाईत तिला न्यायला तिकडून कोणी येऊ शकत नसे आणि बाईमाणसानं एकटीनं जायची रीत नव्हती, तेव्हा सगळी मदार माझ्या रजेवर. दर वर्षी ती आठ दिवस आधी ट्रंक भरायची. दर वर्षी मी ऑफिसातून येऊन सांगायचो, "साहेबांनी रजा नाकारली." मग ती ट्रंक रिकामी करायची आणि साहेबांच्या नावानं कडाकडा बोटं मोडायची.

साहेबांनी रजा कधीच नाकारली नव्हती. मी कधी मागितलीच नव्हती. टेबलापाशी जायचो, घसा साफ करायचो, साहेब मान वर करून "येस?" म्हणायचे आणि मी म्हणायचो, "शाई संपलीय, सर." (आमच्या ऑफिसात शाईच्या बाटल्यांनी एक कपाट भरलेलं आहे.) त्या वर्षी आबांचा निरोप आला होता की ढवळ्याचे दात गेलेत, यंदाचा पोळा बहुतेक शेवटचा. तो निरोप ऐकून ऑफिसात गेलो, तरी मी शाईच मागितली. हे लिहितानाही मला लाज वाटते.

तर ती मूर्ती मी गोणपाटात गुंडाळून घरी आणली आणि सरपणामागे दडवली. पोळ्याच्या संध्याकाळी ऑफिसातून येतो, तर दारात शेजारणींची गर्दी. आत पाटावर मी उभा होतो, चार पायांवर. अंगाला गेरू, पाठीवर झूल, टाळक्यावर बाभळीच्या काट्यांची शिंगं, शिंगांना बेगड आणि पुढ्यात पुरणपोळी.

रतनचे डोळे भरून आले होते. "म्हायेरी जाता येईना म्हून तुमी माज्यासाठी आपल्या हातानं बैल केला व्हय? आन मला बोलला बी न्हाई."

खरं सांगायला तेव्हा एक श्वास पुरला असता. मी म्हणालो, "त्यात काय एवढं."

हमीदची बायको जैतुनबी पाटाजवळ बसून बारकाईनं पाहत होती. "बैल झकास हाय, रतन. पर ह्येनं चष्मा का घातलाय?"

"दिष्ट लागू नये म्हून."

"आन टक्कल पडलंय ते?"

"उनातान्हात राबून पडलं आसंल," रतन म्हणाली. तिच्या आवाजात त्या बैलाबद्दल इतकी माया होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"लय वळखीचा वाटतोय," असं म्हणून जैतुनबी माझ्याकडे पाहू लागली. मी काढलेली टोपी पुन्हा घातली.

रतननं मला पूजेला पुढे केलं. मी स्वतःला कुंकू लावलं, स्वतःला पुरणपोळी दाखवली आणि नमस्काराला वाकलो. नेमके तेव्हाच चंद्रात्रे मास्तर दारात आले. शिष्य मूर्तीसमोर बसतो की नाही, हे पाहायला आले होते. पाटावर मी वाकलेला, पाटासमोर मी वाकलेला. मास्तर गहिवरले.

"हौशीराव, नुसतं समोर बसा म्हटलं होतं," ते म्हणाले. "आणि ही शिंगं कधी फुटली?"

"बैलाला शिंगं नगंत व्हय?" रतन म्हणाली.

"बैल कसला, बाई? हे तुमचे यजमान. डोळे बांधून स्वतःच स्वतःला घडवलंय त्यांनी. मनात जे दडवलंय ते बाहेर यावं म्हणून मूर्ती घरी न्यायला लावली. आलं का बाहेर?"

रतननं एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिची नजर माझ्या काष्ट्यावर थांबली. (तो सुटला होता.)

"काय दडवलंय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. शाईसकट सगळं सांगितलं, शेजारणींच्या देखत, मास्तरांच्या देखत. तिनं भांडावं असं मला फार वाटत होतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तीन वर्सं मी त्या साहेबाच्या नावानं बोटं मोडली. त्येचा गुडघा धरलाय म्हून तुमी सांगितलं, तवा मला वाटलं, माझे शापच लागले त्येला." मग ती आत गेली आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला. ट्रंक चार दिवसांची भरतेय की कायमची, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो. घसा साफ केला, छाती पुढे काढली. "सर," मी म्हणालो, "शा..."

"चार दिवस," साहेब मान वर न करता म्हणाले. "सही केलीय. तीन वर्षं मला वाटत होतं, तुमचं सासुरवाडीशी पटत नाही. आणि त्या शाईचं तुम्ही करता काय?"

घरी पोचेपर्यंत मी सगळी हकिगत जुळवली होती. "मागितली," मी दारातूनच म्हणालो. "तोंडावर सांगितलं, सर, रजा हवी म्हणजे हवी."

रतन ट्रंकेला दोरी बांधत होती. "वळा बरं जरा. पाठ बगू द्या."

मी वळलो. ती बराच वेळ पाहत राहिली.

"सकाळी पुरणपोळ्या घिऊन मीच गेलते त्येंच्या बंगल्यावर," ती म्हणाली. "मानूस लय चांगला हाय. गुडघ्याला तेल दिऊन आले."

दुसऱ्या दिवशी गाडीनं कामशेतला उतरलो आणि पुढे एका बैलगाडीनं टाकव्याच्या वेशीपर्यंत गेलो. मातीचा बैल शालीत गुंडाळून रतनच्या मांडीवर. वेशीपासून ट्रंक माझ्या डोक्यावर. ढवळ्याची शिंगं आबांनी तशीच कोरी ठेवली होती, लेक येईल म्हणून. रतननं त्यांना बेगड लावलं, त्याच्या गळ्यात हात टाकून ती मनसोक्त रडली, आणि मी गोठ्याच्या दारात उभा राहून ते पाहिलं. मला माझी फार लाज वाटली.

तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या अंबूबाई आल्या. "आन जावाई न्हाई आलं व्हय गं?"

"आलेत की," असं म्हणून रतननं शाल सोडली आणि मातीचा बैल ढवळ्याशेजारी गव्हाणीत ठेवला. "ह्ये काय."

"मग दारात डोक्यावर टरंक घिऊन उभा हाय त्यो कोन?"

रतननं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "त्यो हमाल हाय ठेसनावरचा. चार दिस रजेवर आलाय."

अंबूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तुज्या नवऱ्याची पाठ काय इतकी ताठ नसती."