औषधाचं घराणं

माझी बायको शैला एका मंगळवारी दुपारी वारली. डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसात वाढलेली बुरशी दिलेल्या औषधाने मेली नाही. त्या दिवसापासून माझा मेहुणा सोपान, म्हणजे शैलाचा धाकटा भाऊ, प्रत्येक वस्तूकडे बघून एकच विचारतो, "आत काय हाय?"

पावाची लादी तो उलटी करून बघतो. लोणच्याच्या बरणीत आधी नाक घालतो, मग डोळा. एका लग्नात वाढप्याने पानात जिलेबी टाकली, ती त्याने उचलून उन्हात धरली. वाढपी म्हणाला, "भाऊ, जिलेबी हाय ती, एक्स-रे न्हाई." सोपानने ती खाल्ली नाही.

लोकांना हा विक्षिप्तपणा वाटतो. मला त्याचं मूळ ठाऊक आहे. सांधेदुखीसाठी शैलाला जी औषधं चालू होती, त्यांनी तिची प्रतिकारशक्ती उतरली होती. अशा शरीरात हवेतली बुरशी घर करते. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, बागांवर फवारतात त्यांतली काही बुरशीनाशकं आणि आमचं हे औषध एकाच घराण्यातली. शेतात जी बुरशी ही औषधं पचवायला शिकते, ती दवाखान्यातही दाद देत नाही.

सोपान माझ्या शेजारी उभा होता. लेण्याद्रीच्या वाटेवर त्याची द्राक्षबाग आहे आणि शैला दर रविवारी तिथे माहेरपणाला जायची.

"मंग ही बुरशी माझ्या बागंतली?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही. हवेतून कुठूनही येते," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर सोपान माझ्या कानाशी लागला. "दाजी, ह्यो मानूस माझं मन राखतोय."

पुढच्या आठवड्यात तो जुन्नरला रफिकभाईंच्या औषधांच्या दुकानात गेला. मीही बरोबर होतो. रफिकभाईंनी नेहमीप्रमाणे भुरीची बाटली पुढे केली. भुरी म्हणजे द्राक्षावर पांढरी पूड धरणारा रोग.

"आत काय हाय?"

"दवा हाय राव."

"कोन्त्या घरान्यातली?"

"का? पोरगी द्यायचीय का त्या घरात?"

दुकानातली माणसं हसली. सोपान हसला नाही. त्याने खिशातून भिंग काढलं आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. मग दुसरी बाटली, मग तिसरी. भुरीला सवय होऊ नये म्हणून दर फवारणीला औषध बदलावं, हे त्याला ठाऊक होतं आणि तो इमानाने बदलतही आला होता. कधी निळी बाटली, कधी पिवळी, कधी टीव्हीवर दिसलेली. त्या दिवशी कळलं, नाव निराळं, कंपनी निराळी, पण आत सगळीकडे तेच घराणं.

"टोपी बदलत व्हतो," तो म्हणाला. "मानूस त्योच."

"अहो, मग गंधक न्या की! त्याचं घराणंच निराळं," रफिकभाई म्हणाले.

"गंधकात तरी गंधक हाय का?"

त्याच्या मुलीला बघायला आणे गावाहून पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट तर तालुकाभर झाली. सोपानच्या घराची वाट कुजलेल्या पाल्याच्या ढिगाजवळून जाते. अशा ढिगात बुरशी पोसते, हे त्याने कुठेसं ऐकलं होतं. त्याने वाटेवरच सगळ्यांना मास्क वाटले. "पावणं, आधी तोंड बांधा, मंग पोरगी बघा."

मुलाचे वडील बायकोला हळूच म्हणाले, "हितं साथ आलीय का काय?"

मास्क लावलेल्या मंडळींनी मुलगी बघितली. मुलीने मास्क लावलेला मुलगा बघितला. सोयरीक जमली. सोपानला त्याचाही संशय आला. "तोंड नीट न बघता हो म्हनले, दाजी. काय तरी असनार."

माझ्याकडे तो दर रविवारी जेवणाचा डबा घेऊन येतो. आधी अंगणातल्या नळावर हातपाय धुवायचा, पायरीवर बसायचा आणि डबा आत सरकवायचा. उंबरा ओलांडत नसे. मला वाटायचं, अक्काशिवायचं घर त्याला सोसत नसेल. मागच्या महिन्यात मी विचारलंच.

"कापडाला काय चिकाटलं आसंल, कुनाला ठावं," तो म्हणाला. "या घरात तुमी एकलंच उरलाय."

धडधाकट माणसाला सहसा या बुरशीने काही होत नाही, हे मी त्याला समजावलं. तो ऐकत नव्हता. पायरीवरची माती बोटाने उकरत होता.

"दाजी, अक्काला मीच मारली का? खरं सांगा."

गावात ज्याला त्याला त्याने हे विचारलं होतं आणि प्रत्येकाने "न्हाई रं बाबा" म्हणून पाठीवर हात ठेवला होता. या विषयावर जे हाती लागलं, ते मी सावकाश वाचून काढलं आहे. रोग कसा होतो ते त्यात आहे. शैलाला तो कोणाच्या शेतातून झाला, ते कुठेच नाही.

"मला माहीत नाही, सोपान," मी म्हणालो.

त्याने बोटाची माती झटकली.

"हे खरं हाय," तो म्हणाला, आणि मग गुडघ्यात डोकं घालून रडला. शैलाला पोचवून आलो त्या दिवशीही तो रडला नव्हता. मी त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला आत आणलं.

यंदा त्याने बागेवर ते जुनं घराणं फवारलं नाही. भुरीने बराच माल गेला. शैलाला ती बुरशी कुठून लागली, ते आम्हाला कळलेलं नाही. रविवारी आम्ही दोघे स्वयंपाकघरात जेवतो.