खातूंच्या रक्तदाबाचा कार्यभार

पाठीचा कणा मोडल्यापासून भालचंद्र खातूंचा रक्तदाब लेखी आदेशाशिवाय वर चढत नसे.

खातू तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि चौथ्याच दिवशी दारच्या फणसावरून पडले. मेंदूतून खाली हुकूम नेणारी मज्जारज्जू छातीपाशी तुटली. पाय गेले ते गेलेच, पण वरून काही येत नाही म्हटल्यावर रक्तदाबानंही गुडघ्यापाशी बैठक मारली. खातू आडवे असले की सगळं ठीक चाले. उठवून बसवलं की रक्त पायांत उतरे, डोळ्यांपुढे अंधारी येई आणि ते हातातल्या घासासकट कलंडत.

"अहो, जरा चढा की वर," खातू विनवत.

"लेखी आहे का?" गुडघ्याकडून विचारणा होई.

छत्तीस वर्षं त्यांनी स्वतः समोरच्या माणसांना हेच विचारलं होतं, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. पण एका गोष्टीनं त्यांचा जीव जायचा. आडव्या माणसाला काट्याचा मासा देत नाहीत. तीन वर्षं चिपळुणात राहून ते डाळ आणि गुरगुट्या भात खात होते. याला जगणं म्हणत नाहीत, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

शेवटी डॉ. तांबोळीबाईंनी तुटलेल्या जागेच्या खाली, कण्यात विजेची बारीक पट्टी बसवली आणि पोटाच्या कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र. "मेंदूचा हुकूम पोचत नाही ना? आता हे देईल," म्हणत त्यांनी यंत्र चालू केलं. रक्तदाब ढिम्म.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"तुमचे नवे अधिकारी," डॉक्टर म्हणाल्या.

"आनंद आहे. आधीच्यांनी कार्यभार सोपवल्याची सही दाखवा."

तुटलेली मज्जारज्जू सही कुठून करणार? खातूंच्या पत्नी इंदुमतीबाई भडकल्या. "मेल्या, आग लागो तुझ्या कार्यभाराला! माणूस तीन वर्षं छताकडे बघतोय!"

"वहिनी, माझ्यावर चिडून उपयोग नाही," रक्तदाब नम्रपणे म्हणाला. "मी साहेबांच्याच हाताखाली शिकलोय."

खातूंना उपाय ठाऊक होता. आधीचा अधिकारी हजरच होत नसेल, तर त्याला एकतर्फी कार्यमुक्त करता येतं. अशी पत्रं त्यांनी चहा पिता पिता लिहिली होती. पण त्यात 'पुन्हा रुजू होण्याची शक्यता नाही' हे वाक्य घालावं लागतं. रोज सकाळी चादर उचलून पायाचा अंगठा हलतोय का बघणाऱ्या माणसाला ते वाक्य लिहवेना.

"लिहू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? डब्यात मासे आहेत, तारल्यांचं तिखलं. निवतंय."

खातूंनी कागद मागितला. ते वाक्य लिहिताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. सही केली, तारीख घातली. डॉक्टरांनी शिक्का मारून पत्र गुडघ्यापाशी ठेवलं.

रक्तदाबानं ते दोनदा वाचलं. "दप्तरासाठी स्थळप्रत?"

"जोडली आहे."

तो उठला. सत्तर, नव्वद, एकशे दहा. इंदुमतीबाईंनी खाटेची पाठ उभी केली. अंधारी आली नाही. खातूंनी पहिली तारली उचलली, बोटांनी काटा सोडवला आणि मान खाली घालून जेवू लागले.

तिसऱ्या तारलीला त्यांच्या लक्षात आलं, की बायको नुसती बघत उभी आहे.

"काय झालं गो?"

"काही नाही," पदरानं नाक पुसत इंदुमतीबाई म्हणाल्या. "डोक्यावर मागनं टक्कल पडलंय तुमच्या. कधी पडलं, मला कळलंच नाही."